स्रोत : अण्णा

माझे वडील कागदाच्या कारखान्यात बॉयलरवर चौतीस वर्षं होते. घरी आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो आणि कारखान्यातही सगळे, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा, अण्णाच म्हणायचे. तिथे तीन बॉयलर होते. लगदा शिजवायला वाफ लागते, कागद वाळवायला वाफ लागते. वाफ बंद म्हणजे कारखाना बंद. त्या वाफेची जबाबदारी अण्णांची. घरी आले की हातपाय धुवायचे, रेडिओ लावायचे, आणि आईने "काय झालं आज?" असं विचारलं की म्हणायचे, "काही नाही." चौतीस वर्षं त्यांच्या कामाबद्दल आमच्या घरात एवढंच बोलणं झालं.

त्यांना बोलतं केलं ते माझ्या बायकोने.

ती त्याच कारखान्याच्या संगणक विभागात होती. अण्णांनीच शब्द टाकून तिला तिथे लावलं होतं. एका संध्याकाळी ती घरी आली ती पिशवीत एक रेकॉर्डर आणि कोऱ्या वह्यांचा गठ्ठा घेऊन.

"अण्णा, वरून काम आलंय. तुम्हाला बॉयलरबद्दल जे जे कळतं, ते सगळं संगणकात घालायचं. म्हणजे तुम्ही नसलात तरी पाळीवरच्या माणसाला विचारता येईल, की असं असं होतंय, काय करू?"

"आणि हे कोण घालणार?"

"मी. माझं पदच बदललंय. ज्ञान अभियंता."

अण्णांनी रेडिओ बारीक केला. "म्हणजे मी खाण आणि तू खणणारी."

"तसंच समजा."

"खण. दगडच निघतील."

पहिले आठ-दहा दिवस खरंच दगड निघाले. जेवणं झाली की ती रेकॉर्डर टेबलावर ठेवायची आणि विचारायची, "नळी गळायला लागली हे तुम्हाला कसं कळतं?" अण्णा म्हणायचे, "कळतं." ती म्हणायची, "पण कशावरून?" अण्णा म्हणायचे, "अगं, इतकी वर्षं काय गवत उपटलं का मी?" शेजारी आई भाजी निवडत असायची. ती मान वर न करता म्हणायची, "सूनबाई, मी याच्यापुढे कधी गेले नाही. तू बघ."

मग माझ्या बायकोने रीत बदलली. तिने कारखान्यातून जुन्या नोंदवह्या आणल्या. बॉयलरवर दर तासाला दाब किती, पाणी किती, धुराचं तापमान किती, हे लिहून ठेवतात. ती एखाद्या दिवसाचं पान उघडायची, पुढे काय झालं तो भाग जाड कागदाने झाकायची आणि म्हणायची, "हे वाचा. डोक्यात जे जे येईल ते मोठ्याने बोला. बरोबर-चूक काही नाही."

अण्णा चष्मा लावून बोट फिरवायचे. "सात वाजता दाब ठीक. आठ वाजता ठीक. नऊला पाणी थोडं जास्त गेलंय… हा मीटर खोटा बोलतो, याच्यावर जाऊ नको. दहालाही जास्त. आता मात्र मी उठलो असतो. धूर बघ, धुराचं तापमान उतरलंय. पाणी जास्त लागतंय आणि धूर थंड होतोय, म्हणजे पाणी आत कुठेतरी जातंय. थांबवायचा बॉयलर. पुढे बघायचंच नाही."

तिने कागद काढला. खाली अण्णांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: दोन नंबर थांबवला, तिसऱ्या रांगेतली नळी गळकी. अण्णांनी ते वाचलं आणि लहान मुलासारखे हसले. "आठवतंय की मला!"

त्यानंतर खाण फुटलीच. रोज एक-दोन तास. ती त्यांचं बोलणं 'जर' आणि 'तर' अशा वाक्यांत बसवायची. जर पाणी नेहमीपेक्षा जास्त लागत असेल, आणि जर धुराचं तापमान उतरत असेल, आणि जर मीटर तपासलेले असतील, तर नळी गळते आहे असं समजावं, बॉयलर थांबवावा. असा एक नियम. त्याला नंबर. मग ती विचारायची, "खात्री किती? शंभरात?" अण्णा म्हणायचे, "चाळीस." ती चमकायची. "चाळीसच? आणि तेवढ्यावर थांबवायचा?" "बाई गं, पाऊस पडेल याची चाळीस टक्के खात्री असली तर छत्री नाही नेलीस तरी भिजशील फक्त. इथे माणूस भाजतो."

दोन महिन्यांत तीनशे बारा नियम झाले. त्यातले दोन एकमेकांच्या विरुद्ध जातात हे तिने दाखवलं, तेव्हा अण्णा दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता बाहेर आले, तोंडात फेस तसाच, आणि म्हणाले, "सूनबाई, दोन्ही बरोबर आहेत. पहिला ओल्या कोळशाचा, दुसरा कोरड्या कोळशाचा. तू कोळसा विचारलाच नाहीस!" तिने टाळी वाजवली. आई मला म्हणाली, "बघ, माझ्याशी कधी असे बोलायला धावत आले होते का?" ती हसत म्हणाली होती, पण ते पूर्ण हसणं नव्हतं.

मी शाळेत गणित शिकवतो. जर-तर मला परके नाहीत. मला त्या दिवसांत घरात बसून या दोघांकडे बघायला आवडायचं. आपले वडील हुशार आहेत हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळत होतं.

नियमांच्या तक्त्यात माझ्या बायकोने एक रकाना ठेवला होता, 'स्रोत'. नियम कोणाकडून आला ते तिथे लिहायचं. तो रिकामा असेल तर संगणक नियम घ्यायचाच नाही, अशी सोय तिने स्वतः केली होती. कोणीही उठून काहीही घुसडू नये म्हणून. आणि स्रोत म्हणून चालतील अशा नावांच्या यादीत एकच नाव होतं. पडद्यावर कुठल्याही सल्ल्याखाली 'का?' असं विचारलं की संगणक नियम दाखवायचा आणि खाली लिहून यायचं : स्रोत : अण्णा. तिने हे पहिल्यांदा घरी दाखवलं, तेव्हा अण्णा बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी आईला म्हणाले, "तुला दाखवू का?"

बॉयलरघरात संगणक बसला. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं धाकटे अण्णा. बॉयलरच्या तळाशी साठलेली राख काढायला एक उंच, किडकिडीत माणूस होता. त्याला सगळे लंबू म्हणायचे. राखेच्या दारात त्याला जवळजवळ घडी घालून वाकावं लागायचं. त्याने पहिल्याच दिवशी टाइप केलं, "मला उद्या रजा मिळेल का?" उत्तर आलं, "माहिती अपुरी आहे." लंबू म्हणाला, "शिकला! अगदी साहेबांसारखं बोलायला शिकला."

तीन महिने अण्णा आणि धाकटे अण्णा शेजारी शेजारी चालले. शंभर प्रसंगांत ब्याण्णव वेळा दोघांचं मत एकच आलं. प्लँटचे मोठे साहेब होते, त्यांनी छोटा समारंभ केला, अण्णांना शाल न घालता एक घड्याळ दिलं आणि भाषणात म्हणाले, "अण्णा आता कधीच निवृत्त होणार नाहीत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंधरा दिवसांनी अण्णांची अठ्ठावन्न वर्षं भरली. बॉयलरवरच्या प्रत्येक जुन्या माणसाला आजवर दोन वर्षं वाढवून मिळाली होती. अण्णांना मिळाली नाहीत. विचारायला गेले तर साहेब प्रेमाने म्हणाले, "अण्णा, तुमचं डोकं आहेच की आमच्याकडे. आता शरीराला आराम द्या."

त्या संध्याकाळी अण्णा घरी आले, हातपाय धुतले आणि रेडिओ लावला. आईने विचारलं नाही. माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अण्णा, मला खरंच माहीत नव्हतं."

"तुझा काय दोष? मीच खण म्हणालो होतो."

तो विषय तेवढ्यावर मिटला, म्हणजे आम्ही मिटवला.

अण्णा निवृत्त झाल्यानंतरच्या चार महिन्यांत धाकट्या अण्णांनी दोन नंबरचा बॉयलर चार वेळा थांबवायला लावला. चारही वेळा नियम एकच, एकशे सत्तेचाळीस. पाणी जास्त, धूर थंड. बॉयलर एकदा थांबवला की निवायला, उघडायला, पुन्हा तापवायला दीड दिवस जातो. चारपैकी तीन वेळा आत काहीच सापडलं नाही. साहेबांनी माझ्या बायकोला केबिनमध्ये बोलावलं, एकदा नाही, प्रत्येक वेळी.

चौथ्या वेळेनंतर तिने जेवताना विषय काढला. मी समोरच बसलो होतो.

"अण्णा, एकशे सत्तेचाळीस जरा सैल केला तर?"

"किती सैल?"

"थांबवावा, याच्या ऐवजी आठ तास लक्ष ठेवावं आणि मग ठरवावं."

अण्णांनी घास खाली ठेवला. "गळकी नळी आठ तास सभ्यपणे गळत बसेल, असं तुला कोणी लिहून दिलंय का?"

"पण चारातून तीनदा काही निघालं नाही."

"चौथ्यांदा निघालं ना? अगं, मीसुद्धा दहातून सहा वेळा उगाच थांबवायचो. बॉयलरवरून खाली यायचो आणि शिव्या खायचो. या साहेबांच्या, आधीच्या साहेबांच्या, त्यांच्याही आधीच्या. शिव्या खाणं हा माझ्या कामाचाच भाग होता. ते तू लिहून घेतलं नाहीस, कारण मी सांगितलं नाही. मला वाटलं, ते काय ज्ञान आहे?"

"आता त्या शिव्या मला बसतात," ती म्हणाली.

"हो. संगणकाच्या डब्याला कोण घालणार?" अण्णांनी पुन्हा घास उचलला. "खा त्या. पण नियमाला हात लावू नको."

आईने विचारलं, कोणाला आणखी काही वाढू का.

त्यानंतर सात आठवड्यांनी, एका बुधवारी, मी आठवीच्या वर्गावर असताना शिपाई बोलवायला आला. ऑफिसात फोन होता. पलीकडे माझी बायको होती, पण तिचा आवाज ओळखायला मला वेळ लागला.

"दोन नंबरची नळी फुटली. लंबू राखेच्या दारात होता."

सकाळी सातला पाणी वाढलं होतं. साडेसातला धूर थंड व्हायला लागला होता. पाळीवरच्या माणसाने धाकट्या अण्णांना विचारलं, आणि पडद्यावर आलं : आठ तास लक्ष ठेवावं. तो लक्ष ठेवून होता बिचारा, दर पंधरा मिनिटांनी आकडे लिहीत होता. राख काढू नको असं लंबूला सांगावं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. अकरा वाजून वीस मिनिटांनी नळी फुटली आणि वाफेने तळातली पेटती राख दारातून बाहेर फेकली.

लंबू तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होता. अण्णा तिन्ही दिवस बाहेरच्या बाकावर बसून होते. चौथ्या दिवशी बसायचं कारण उरलं नाही.

तिथून आल्यावर अण्णांनी माझ्या बायकोला एकच प्रश्न विचारला. "सातला कळलं होतं, तर थांबवला का नाही?"

ती म्हणाली, "चौकशी आहे, अण्णा. त्याच्याआधी बोलू नका असं सांगितलंय."

अण्णांनी मान हलवली. त्यांना तेव्हाच कळलं असणार. तीनशे बारा नियम ज्याच्या डोक्यात होते, त्याला हा एक तर्क जमला नसेल असं मला वाटत नाही.

मला तिने सांगितलं ते चौकशीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना. साहेबांनी तोंडी सांगितलं होतं, लेखी काही नाही. तिने नियम बदलला. स्रोताच्या रकान्यात नाव घातल्याशिवाय संगणक बदल घेईना आणि यादीत दुसरं नाव नव्हतं. "दुसऱ्या दिवशी यादीत स्वतःचं नाव घालून दुरुस्त करणार होते," ती म्हणाली. "मग दुसरंच काम आलं. मग राहूनच गेलं." तिच्या खांद्यावर अण्णांचा ओलसर सदरा होता.

"जुना नियम कुठेतरी असेल ना?"

"छापील प्रतीत नवीनच आहे. टेपवर जागा व्हावी म्हणून रेकॉर्डिंग आम्ही पुसलं. वह्या साहेबांनी मागून घेतल्यात."

मग मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण ते मी बोललो यावर पुढे कित्येक दिवस माझा विश्वास बसत नव्हता. मी म्हणालो, "उद्या जेवढं विचारतील तेवढंच बोल. तुझ्यावर खटला होऊ शकतो. अण्णा तर निवृत्त आहेत. त्यांना आता काय होणार आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं, मी उलट काहीतरी म्हणेन अशी तिची अपेक्षा होती. मग तिने सदऱ्याची घडी घातली.

चौकशी कारखान्याच्याच वरच्या मजल्यावर झाली. लांब टेबल, झाकण घातलेले पाण्याचे पेले, खिडकीतून दिसणारं दोन नंबरचं थंड धुराडं. समोर सरकारी बॉयलर निरीक्षक, त्यांच्या उजवीकडे साहेब, टोकाला माझी बायको. अण्णांना बोलावणं होतं. त्यांच्या सोबत म्हणून मला बसू दिलं.

निरीक्षक माणूस वाईट नव्हता. त्याने संगणकाचा कागद अण्णांसमोर सरकवला. "वाचा. त्या दिवशी पाळीवरच्या माणसाने 'का?' असं विचारलं होतं. त्याचं हे उत्तर."

अण्णांनी मोठ्याने वाचलं. "नियम एकशे सत्तेचाळीस. पाणी जास्त. धुराचं तापमान कमी. आठ तास लक्ष ठेवावं. स्रोत…" ते थांबले.

"स्रोत तुम्ही आहात."

"हा नियम माझा नाही."

"इथे तुमचं नाव आहे."

"नाव माझं आहे. नियम माझा नाही. मी थांबवा म्हणालो होतो. रेकॉर्डिंग ऐका, त्यात माझा आवाज आहे."

साहेबांनी घसा साफ केला. "रेकॉर्डिंग काम झाल्यावर ठेवलेलं नाही. मसुद्याच्या वह्याही बऱ्याचशा गहाळ आहेत. पण छापील नियमपुस्तक आहे, त्यात हेच आहे. सर, अण्णांबद्दल आम्हा सगळ्यांना आदर आहे. वयाप्रमाणे थोडंफार विसरायला होतं."

अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी त्यांना आयुष्यात कधी आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही त्यांनी चढवला नाही.

निरीक्षकाने टेबलाच्या टोकाकडे बघितलं. "बाई, नियम तुम्ही घातले. हा नियम तज्ज्ञांनी सांगितला तसाच आहे का?"

माझी बायको म्हणाली, "नियमपुस्तकात आहे तो तसाच आहे, सर."

उत्तर खोटं नव्हतं. प्रश्नाचं मात्र नव्हतं. निरीक्षकाच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे. त्याने अण्णांना विचारलं, "मग तुमच्या मते हा कोणाचा नियम?"

अण्णा तिच्याकडे बघत होते. रागाने नाही, नोंदवहीच्या झाकलेल्या पानाकडे बघायचे तसे. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "माझा नाही, एवढं मी सांगितलं. पुढचं मला सांगायचं नाही."

अहवालात एवढंच आलं : तज्ज्ञाने पुरवलेल्या मूळ ज्ञानात त्रुटी होती, याबाबत तज्ज्ञाला समाधानकारक खुलासा करता आला नाही. अण्णांचा बॉयलर चालवण्याचा परवाना रद्द झाला. त्या परवान्याचा त्यांना आता काही उपयोग नव्हता. तो त्यांनी काचेत लावून ठेवला होता, एवढंच. रद्द झाला म्हणजे मूळ प्रत परत करावी लागते. मी फ्रेमचे खिळे काढत होतो, तेव्हा अण्णा शेजारी उभे राहून म्हणत होते, "हळू, कोपरा फाटेल."

कारखान्यातले लोक रस्त्यात भेटले की पलीकडच्या कडेने जायला लागले. अण्णा केस कापायला गेले तर न्हावी बोलायचा थांबायचा. अण्णांनी कोणालाही काही समजावून सांगितलं नाही. फक्त एकदा, दीड महिन्यानंतर, ते मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. लंबूच्या घरी जाऊन येऊ."

लंबूची बायको दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही. तिच्या हाताला शिवणाच्या मशीनचं तेल लागलेलं होतं, ते ती पदराला पुसत राहिली.

"वहिनी," अण्णा म्हणाले, "लोक तुम्हाला जे सांगतात ते खरं नाही. तो नियम मी दिलेला नव्हता. मी असतो तर सातलाच थांबवला असता."

"मला नियमातलं काही कळत नाही, अण्णा," ती म्हणाली. "हे घरी येऊन सांगायचे, अण्णा आहेत तोवर राखेत हात घालायला भीती नाही. नंतर म्हणायचे, अण्णा गेले, पण धाकटे अण्णा आहेत. तुमचंच नाव घेऊन आत गेला तो माणूस. तुमचा नाही, तर मग कोणाचा नियम होता?"

अण्णा उभे होते. मी त्यांच्या एक पाऊल मागे होतो. उत्तर आम्हा दोघांच्याही तोंडात होतं.

"ते मला सांगता येणार नाही," अण्णा म्हणाले.

"मग कशाला आलात?" असं म्हणून तिने दार लावलं. आपटलं नाही, हळू लावलं.

परत येताना अण्णा वाटेत एका भिंतीच्या कठड्यावर बसले. मी पाणी आणू का विचारलं. नको म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी आत्याला फोन केला आणि ती राहते त्या गावी दोन खोल्या बघायला सांगितल्या. आईने सामान बांधलं. माझ्या बायकोने तिला मदत केली. दोघी दोरीची दोन टोकं धरून गादी बांधत होत्या आणि एकमेकींशी फक्त दोरीबद्दल बोलत होत्या. निघताना आईने तिच्या गालावरून हात फिरवला. अण्णा म्हणाले, "येतो, सूनबाई." ती वाकून त्यांच्या पायाला हात लावणार होती, तेवढ्यात ते रिक्षात बसले.

त्यानंतर पाच महिन्यांनी माझ्या बायकोने निरीक्षकाला पत्र लिहिलं. मला न विचारता. टाकून आल्यावर सांगितलं. चार पानांचं होतं. नियम कोणी बदलायला सांगितला, कोणी बदलला, नाव कसं राहिलं, सगळं. उत्तर दोन ओळींचं आलं : प्रकरण बंद झालेलं आहे, पत्राची नोंद घेण्यात आली आहे. त्याची एक प्रत कारखान्याला गेली. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून चहा मागवला आणि म्हणाले, "मनावर ताण असतो, समजतं आम्हाला. हे पत्र आम्ही तुमच्या फाइलला लावत नाही." ती अजून तिथेच आहे. एकशे सत्तेचाळीस नंबरचा नियम आता पुन्हा पहिल्यासारखा झालाय, शब्दन् शब्द अण्णांचा : बॉयलर थांबवावा. त्याच्याखाली स्रोताच्या रकान्यात लिहिलंय, चौकशी समिती. धाकटे अण्णा आता आणखी चार कारखान्यांत बसलेत. ते बसवायला तिलाच पाठवतात.

मी महिन्यातून एका रविवारी आत्याच्या गावी जातो. बसने तीन तास लागतात. अण्णा मला घेऊन फिरायला निघतात, कोणाच्या घराचं बांधकाम कुठवर आलं, कोणाचा गुडघा दुखतो, असलं बोलतात. सूनबाई कशी आहे, असं आई विचारते. ते विचारत नाहीत, पण आई विचारते तेव्हा उठून जातही नाहीत.

मागच्या खेपेला मी धीर केला. आम्ही दोघेच चालत होतो. मी म्हटलं, "अण्णा, तिला माफ केलंत का?"

"तिला?" अण्णा चालतच राहिले. "तिचं मला कळतं. ती घाबरली होती. वर साहेब, खाली मी, मधे ती. घाबरलेला माणूस काय करतो हे मी खूप पाहिलंय. आणि तिने पत्र लिहिलं. उशिरा का होईना, लिहिलं."

मला हलकं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "तुझं मला कळलेलं नाही."

"माझं?"

"निरीक्षकाने कागद दिला आणि मी वाचला. 'स्रोत' असं म्हणून थांबलो, तेव्हा खोलीतले सगळे दचकून माझ्याकडे बघत होते. साहेबसुद्धा. तू एकटा टेबलाकडे बघत होतास." ते थांबले, पण माझ्याकडे वळले नाहीत. "तुला आधीच माहीत होतं. तुझ्यावर ना खटला होता, ना नोकरी जाणार होती. तू का गप्प बसलास?"

मी तोंड उघडलं. गच्चीवर मी काय बोललो होतो ते त्यांना सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "अण्णा, त्या वेळी मला वाटलं…" आणि पुढे काय वाटलं ते मला सापडेना. मग त्यांनी समोरच्या दुकानातून आईसाठी डोक्याचं तेल घेतलं आणि आम्ही घरी आलो.

संध्याकाळच्या बसने मी परत आलो. दार माझ्या बायकोने उघडलं. दर वेळी विचारते तसं तिने विचारलं, "काय म्हणाले अण्णा?"

"काही नाही," मी म्हणालो आणि हातपाय धुवायला आत गेलो.